समासातली बाई

बुधवारी दिवेलागणीला धुळ्याचं वाचनालय बंद करायचं, किल्ली सेक्रेटरींच्या घरी टाकायची, चाळीसगावची गाडी धरायची आणि गुरुवारी सकाळी आठाच्या ठोक्याला जळगावचं वाचनालय उघडायचं, हा तोतारामचा तीन वर्षांचा शिरस्ता होता. सोमवार ते बुधवार धुळे, गुरुवार ते शनिवार जळगाव. शनिवारी संध्याकाळी जळगावहून दुसऱ्या लाइनीने शिंदखेड्याला उतरायचं, मुक्काम करायचा आणि रविवारी उजाडता दोन कोस चालत आपल्या गावी जायचं. सोमवारी पहाटे पुन्हा धुळ्याची मोटार. धुळ्याच्या मंडळाला आठवडाभराचा माणूस नको होता आणि जळगावच्या मंडळालाही नको होता, म्हणून दोघांनी मिळून हा एक अर्धा अर्धा वाटून घेतला होता. त्याची बायको धुरपदाबाई म्हणायची, "दोन घरना पाव्हना उपाशी." तोताराम हसायचा. तो उपाशी नव्हता. जळगावला त्याची लेक दिली होती, आणि त्या अर्ध्या नोकरीमुळे आठवड्यातले तीन दिवस तो तिच्या गावात असे.

ही गोष्ट चौतीस-पस्तीसच्या सुमाराची. तेव्हा वाचनालयात वर्गणीदाराने कपाटापर्यंत जायचं नसे. लाकडी कठड्याबाहेर उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं आणि कारकुनाने ते काढून द्यायचं. बायका तर येतच नसत. शिपाई खांद्याला पिशवी अडकवून पुस्तकं घरी पोचवी आणि आठ दिवसांनी परत आणी. परत आलेली पुस्तकं दुपारी, वाचनालय बारा ते चार बंद असताना, कारकुनाने साफ करायची. सुटलेलं पान खळ लावून चिकटवायचं, तेलाच्या डागावर खडूची पूड दाबायची, आणि समासात कुणी पेन्सिल चालवली असेल तर ती खोडायची. या शेवटच्या कामात तोतारामचा हात धरणारा खानदेशात कुणी नव्हता. कागदाचं तूससुद्धा न उठवता तो पेन्सिलीची रेघ अशी पुसून काढी की लिहिणाऱ्यालाही आपण लिहिलं होतं हे पटू नये. त्या हातामुळेच जळगावच्या मंडळाने त्याला बोलावलं होतं. एक गंमत मात्र होती. एवढी पुस्तकं हाताखालून गेली, पण तोतारामने एकही पुरतं वाचलं नव्हतं. तो वाचायचा ते फक्त समासात, आणि तेही खोडण्यापुरतं. लेकीला तर त्याने पाटीसुद्धा हातात धरू दिली नव्हती. शिकलेल्या बायका काय करतात ते मी रोज बघतो, असं तो धुरपदाबाईला सांगे.

शिकलेली बाई म्हणजे धुळ्याची मंजुळाबाई.

धुळ्याच्या मंडळावर रुपचंदभाऊ नावाचे गृहस्थ होते. साक्री रस्त्याला कापसाचं रान, गावात दुमजली घर, बोलणं गोड. त्यांचा धाकटा भाऊ वारला होता. त्याची बायको मंजुळाबाई, असेल बावीस-तेवीस वर्षांची, मराठी सहावी झालेली. तिला साक्रीला भावाकडे जायचं होतं, पुढे शिकून मास्तरीण व्हायचं होतं. रुपचंदभाऊंच्या घरात आजवर असं कुणी केलं नव्हतं, म्हणून तिनेही करायचं नाही, एवढंच. नवऱ्याच्या नावाची वर्गणी मात्र भाऊंनी चालू ठेवली होती. पुस्तक दिलं की बाई गप्प बसते, असं ते चारचौघांत हसत सांगत.

बाई गप्प बसत नव्हती. तिच्या पुस्तकांच्या समासात बारीक पेन्सिलीची अक्षरं असायची, डावीकडे कललेली, वरची रेघ न ओढलेली. आधी आधी ती गोष्टीशीच भांडायची. 'असं कुणी बोलत नाही.' 'ही रडते कशाला?' तोताराम कुरकुरत खोडून टाकी. मग एका सोमवारी सेहेचाळिसाव्या पानावर ओळ आली: 'दाराला बाहेरून कडी आहे.' पुढच्या आठवड्यात: 'पाणी मागितलं की हसतात.' आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात पानभर: 'वाचनालयातल्या भाऊ, तुम्ही हे खोडता म्हणजे तुम्ही वाचता. साक्रीला माझा भाऊ धनसिंग आहे. त्याला एक कार्ड टाका.'

तोतारामने ते वाचलं. दोनदा वाचलं. त्याला तिची दया आली, हे खोटं नाही. पण जळगावच्या मंडळाकडे त्याची शिफारस रुपचंदभाऊंनीच केली होती. भाऊंचं बोट फिरलं की जळगावची अर्धी नोकरी गेली, आणि ती गेली की लेकीचं गाव तुटलं. त्याने खोडरबर घेतलं आणि 'साक्री'पासून सुरुवात केली.

इतक्यावर थांबला असता तरी एक वेळ त्याला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण वाचनालयाचा नियम होता की पुस्तकात खुणा करणाऱ्याचं नाव मंडळापुढे मांडायचं. नियम पाळणाऱ्या माणसाला आपलं भेकडपण नियमात गुंडाळायला आवडतं. त्या संध्याकाळी वर्तमानपत्र चाळत बसलेल्या रुपचंदभाऊंच्या कानाशी तो वाकला. "भाऊ, आपल्या घरून पुस्तकात लिहिलं जातं. मी मंडळापुढे नेत नाही. तेवढी पेन्सिल काढून घ्या."

रुपचंदभाऊंनी वर्तमानपत्राची घडी केली. "काय लिहिलं जातं?"

"ते मी पुसलं."

"बरं केलंस," भाऊ म्हणाले.

पेन्सिल गेली. पुढचं पुस्तक कोरं आलं, म्हणून तोताराम खूश झाला. मग पान उजेडाकडे तिरकं धरल्यावर त्याला दिसलं की समासात नखाने दाबून अक्षरं कोरली आहेत. पुस्तकाला कोंदट खोलीचा, न धुतलेल्या केसांचा आंबूस वास येत होता. नखाच्या अक्षरावर रबर चालत नाही. त्याने पान किंचित ओलं केलं, खाली पाटी ठेवली आणि पितळी पेल्याच्या बुडाने घोटून घोटून ते सपाट केलं. त्याला त्या युक्तीचा अभिमानसुद्धा वाटला.

पंधरा दिवसांनी मंजुळाबाई पटकीने गेली असं कळलं. तोतारामने वर्गणीदारांच्या यादीतलं तिच्या नवऱ्याचं नाव तांबड्या शाईने खोडलं. त्याच आठवड्यात एक उन्हाने करपलेला माणूस कठड्याशी आला. तो धनसिंग होता.

"मनी बहीण पुस्तकमा काही लिखी गयी का, नाना?" तो म्हणाला. "तिले लहानपनपाइन सवय व्हती. शेवटलं पुस्तक तिना हातमा व्हतं, म्हनीसन इचारस."

तोतारामने ते पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. "बघा. एक खूण नाही."

धनसिंगला वाचता येत नव्हतं. तरी तो कठड्याशी उभा राहून एकेक पान उलटत राहिला, समासावरून बोट फिरवत. शेवटचं पान झाल्यावर त्याने पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि परत दिलं. "कोरं शे," म्हणाला आणि गेला. तोताराम त्या रात्री नीट जेवला.

आता जळगावचं सांगतो.

तोतारामची लेक बेबा. चार मुलांतली जगलेली ही एकच. दोन वर्षांपूर्वी जळगावच्या जीवरामला दिली होती. पूर्वेकडे केळीचे मळे, राहणं जुन्या गावात. घरात सासू ताईबाईचा शब्द चालायचा. बापाने लेकीच्या घरी पाणी पिऊ नये, बोलावल्याशिवाय उंबरा चढू नये, ही आपली रीत. तोतारामने संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्ताने ती मोडली, तेव्हा ताईबाई दारातच म्हणाली होती, "गावात नोकरी आहे म्हणून रोज तोंड दाखवायचं का, व्याही?" तेव्हापासून तो गेला नव्हता. ताईबाईला गोष्टींचा नाद होता, म्हणून त्या घरी वाचनालयाचं पुस्तक जायचं आणि जीवराम ते आईला वाचून दाखवायचा. पुस्तक नेणारा शिपाई हिलाल मूळचा भडगावचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्याच्या पिशवीतून तोताराम कधी बोरं, कधी शेव पाठवी. "खुशाल शे म्हनतस," एवढा निरोप हिलाल आणी.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बेबाला माहेरी पाठवायचं ताईबाईने कबूल केलं होतं. लग्नानंतरची पहिली आखाजी सासूने अडवली होती, ही दुसरी. धुरपदाबाईने फाल्गुनापासून दिवस मोजायला घेतले होते. बेबाला भाऊ नाही, तेव्हा मुराळी म्हणून तिला आणायला बापानेच जायचं ठरलं.

आखाजीला महिनाभर होता तेव्हाची गुरुवारची दुपार. बाहेर जळगावचं ऊन. बाराला रस्ता असा ओस पडतो की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. वाचनालयाची दारं-खिडक्या लावून तोताराम आत एकटा बसला होता. वर पत्रा तडकल्यासारखा वाजत होता. परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातलं तिसरं पुस्तक त्याने उघडलं आणि समासात पेन्सिल दिसली.

'दाराला बाहेरून कडी आहे.'

अक्षरं डावीकडे कललेली, वरची रेघ नाही.

धुळ्याचं पुस्तक चुकून आलं असेल म्हणून त्याने शिक्का पाहिला. जळगावचाच. मंजुळाबाईला जाऊन पाच महिने झाले होते. 

देवघेवीची वही हाताच्या अंतरावर होती. हे पुस्तक कुणाच्या घरून आलं, ते एक पान उलटलं असतं तर दिसलं असतं. पण लिहिणारी कोण हे ज्याला ठाऊक आहे, तो वाचणाऱ्याचं नाव कशाला शोधेल? त्याने मारुतीचं नाव घेत ओळ खोडली. पान कोरं झालं तसं त्याला बरं वाटलं. आयुष्यभर त्याला असंच बरं वाटत आलं होतं.

पुढच्या गुरुवारी दुसऱ्या पुस्तकात: 'पाणी मागितलं की हसतात.' त्यापुढच्या गुरुवारी आणखी काही होतं, ते मात्र त्याने वाचलं नाही. अक्षरांचा कल ओळखला की डोळे मिटायचे आणि बोटांच्या सवयीने पुसत जायचं, अशी त्याने रीत पाडली. पण डोळे मिटले की ऐकू यायचं. गठ्ठ्यातल्या खालच्या पुस्तकांत कुठेतरी पेन्सिल चालायची. कुसकुस… कुसकुस… तो थांबला की तीही थांबायची.

चौथ्या आठवड्यात हिलाल पिशवी रिकामी करून तिथेच घुटमळला.

"नाना, एक घरनी म्हातारी सांगे, त्यासना पुस्तकमा घरमाधलंच कोनी तरी लिखस. काय करानं, इचारी ऱ्हायनी."

तोतारामच्या छातीवरची धोंड उतरली. कुणीतरी जितं माणूस लिहितंय! एखादी सून, एखादी लेक, सगळ्यांना एकाच शाळेने वळण लावलेलं. तो चार आठवड्यांत पहिल्यांदा मोकळा हसला.

"पन नाना, ते घर…"

"घर माले सांगू नको." त्याने हात वर केला. नाव कळलं की मंडळापुढे मांडावं लागतं, मग बोलाचाली, मग कुणाचा तरी रोष. "पेन्सिल काढी ल्या म्हना. आनि लिखनारीले पुस्तकपाइन दूर ठेवा. तेवढाच निरोप दे."

"नाना, ऐकी तं ल्या…"

"नको म्हनं ना हिलाल!"

हिलालने पिशवी झटकली, खांद्याला लावली आणि निरोप घेऊन गेला. साधा माणूस, हुकमाचा ताबेदार. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

पुढच्या गुरुवारचं पुस्तक कोरं आलं. तोतारामने ते उजेडाकडे तिरकं धरून बघायला नको होतं, पण हाताला सवय. समासभर नखांची अक्षरं होती. पहिल्यापेक्षा खोल, ठिकठिकाणी कागद फाटलेला. पुस्तकाला तोच कोंदट खोलीचा वास येत होता, आणि त्यात मिरच्यांच्या धुरीचा ठसका. त्याला शिंका आल्या. जितं माणूस पेन्सिलीने लिहील, पण अगदी तसंच नखाने? त्याने पुस्तक मिटून गठ्ठ्याच्या तळाशी घातलं आणि त्या दिवशी त्याला हात लावला नाही.

शुक्रवारी दुपारी बाराला दारं लावली. वाऱ्याचा मागमूस नव्हता. तोताराम खळीचं भांडं घेऊन बसला होता. तेवढ्यात गठ्ठ्याच्या तळाशी आवाज सुरू झाला. या वेळी पेन्सिल नव्हती.

कर्र… कर्र…

उंदीर असेल म्हणून त्याने गठ्ठ्यावर थाप मारली. आवाज थांबला नाही. उलट घाईला आला, एखादं माणूस दार ओरबाडतं तसा. तोतारामने वरची पुस्तकं एकेक करून बाजूला काढली. तळाचं पुस्तक आपसूक उघडलं गेलं की त्याच्याच हातून उघडलं, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. फटीतून आलेली उन्हाची एक तिरीप नेमकी समासावर पडली होती.

'आबा', असं तिथे कोरलं होतं.

त्याच्या खाली पुन्हा 'आबा'. त्याच्या खाली: 'वाचा.'

 "बाई…" तो कुजबुजला. "मी तुझा कोणी नाही… मला आबा कशाला म्हणतेस… मी एकटाच होतो का गं…"

कर्र… कर्र…

अक्षरं त्याच्या देखत उमटत होती. वरून नाही, पानाच्या खालून. कागद आतून टोचल्यासारखा वर उचलला जात होता, एकेक काना, एकेक वेलांटी. चौथी ओळ सुरू झाली होती. तिचा पहिला शब्द 'उद्या' होता. पुढचं त्याने पाहिलं नाही. त्याने पान ओलं केलं, खाली पाटी सरकवली आणि पितळी पेला उपडा करून दोन्ही हातांनी दाबला. खालून कुणीतरी ढकलत होतं. जोर कसला, आजारी पोरीच्या बोटांएवढा. तो घोटत राहिला. हळूहळू खालचा जोर कमी झाला… मग नुसती थरथर उरली… मग तीही गेली. त्याने पेला उचलला तेव्हा पान गुळगुळीत होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला थोडा अवकाश होता.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तोताराम नवं धोतर नेसून जुन्या गावात गेला. सोमवारी आखाजी. काखेत लेकीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं होतं. दुपारच्या भयाला सकाळच्या उजेडात काही किंमत राहत नाही, शिवाय आज मुराळी म्हणून मानाने उंबरा चढायचा होता. ताईबाईच्या ओट्यावर चारपाच माणसं बसली होती. त्याला बघून त्यांनी सरकून वाट करून दिली.

ताईबाई दारात आली. "आले का? बसा."

"बेबाला न्यायला आलो, विहीणबाई."

"काल उरकलं," ताईबाई म्हणाली. "भर दुपारी गेली, एकच्या आत. पटकी होती. पटकीचं घरात ठेवत नाहीत, म्हणून तिसऱ्या प्रहरी नेली."

 तोतारामच्या काखेतलं लुगडं खाली पडलं, ते कुणीतरी उचलून ओट्यावर ठेवलं. "मी गावात होतो," तो म्हणाला. "चार गल्ल्यांवर होतो. मला सांगायचं…"

"सांगायचं काय अन् कुणी? तुम्ही आम्हाला सांगितलं होतं का?" ताईबाईचा आवाज चढला. "लग्नात छाती ठोकून म्हणाले, पोरीला अक्षरओळख नाही. अन् तुमची पोर लिहायची! जीवराम मला वाचून उठला की पुस्तक घेऊन बसायची, डोळे मिटून, डाव्या हाताने. हात धरला तर म्हणायची, 'मी नाही लिहिलं, माझ्या हाताने कुणी लिहिलं.' शपथ घ्यायची, रडायची. आम्ही काय समजायचं?"

ओट्यावरचा म्हातारा मान हलवत म्हणाला, "बाहेरचं व्हतं ते."

"तरी मी घाई केली नाही," ताईबाई म्हणाली. "तुमच्या वाचनालयातच विचारलं. शिपायाबरोबर निरोप आला, पेन्सिल काढून घ्या, पुस्तकापासून दूर ठेवा. मग मागच्या खोलीत ठेवली अन् बाहेरून कडी लावली. पुस्तक तिने लुगड्याखाली लपवून नेलं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, चौथ्या दिवशी सापडलं ते परत पाठवलं. भगत आणला. त्याने धुरी दिली. म्हणाला, ही पाण्यावर जगते, पाणी तोडा म्हणजे सोडून जाईल. पोरं दाराशी हसायची, त्यांना मी हाकललं बरं का. माझा काही दुष्टावा नव्हता."

बोलताना तिचे डोळे कोरडे होते, पण खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आपण रीतीने वागलो. तोतारामने अशी माणसं ओळखायला हवी होती. तो स्वतः त्यांतलाच होता.

कडी, पाणी, हसणं. पहिली ओळ आली तेव्हा यांतलं काहीच झालेलं नव्हतं. दाराला कडी नव्हती आणि बेबा ओसरीवर मोकळी बसून गहू निवडत होती. त्या दिवशी वहीचं एक पान उलटलं असतं, तर तिला त्याच संध्याकाळी गाडीत बसवून नेता आली असती. एक-एक ओळ आधी लिहिली गेली आणि मग खरी झाली. ती सावध करायला लिहिली होती, की तसं घडवायला? तोताराम हे पुढे जन्मभर स्वतःला विचारणार होता.

"काय लिहायची ती?" त्याने विचारलं.

"जीवरामला वाचता येईना. वरची रेघ नसायची," ताईबाई म्हणाली. "तुम्हाला येत असेल. पुस्तकं सगळी तुमच्याकडेच परत आली."

त्या संध्याकाळी तो शिंदखेड्याला कसा उतरला, रात्र त्याने फलाटावर बसून काढली की आडवा होऊन, हे त्याला आठवत नाही. उजाडल्यावर वाट चालू लागला. दोन कोसांत त्याने शंभरदा वाक्य जुळवलं. धुरपदे, आपली बेबा… इथपर्यंत यायचं आणि मोडायचं.

धुरपदाबाई अंगणात होती. सडा झाला होता, सारवण ओलं होतं. ती त्याला एकटा बघून घाबरेल, विचारेल, मग आपल्याला बोलावंच लागेल, असं त्याला वाटत होतं. ती हसली.

"एकलाच उनात ना? माले ठाऊक व्हतं."

तोताराम ओल्या सारवणाच्या कडेशी थांबला.

"अहो, बेबानं कारड उनं! काल पोस्टमननी वाचीसन दाखाडं." तिने पदराच्या गाठीतून घडी पडलेलं कार्ड काढलं. तिचा चेहरा असा फुलला होता की दोन वर्षांत त्याने तसा पाहिला नव्हता. "तुम्हीन तं तिले पाटी धरू दिन्ही नही. पन शिकनी मनी पोर! सोता लिखेल शे म्हने. ल्या, वाचा ना… तुमना तोंडथून ऐकू द्या."

त्याने कार्ड हातात घेतलं. शिक्का धुळ्याचा होता, तारीख शुक्रवारची. बेबाने जन्मात धुळे पाहिलं नव्हतं. अक्षरं डावीकडे कललेली होती, वर रेघ नव्हती. त्याचा अंगठा आपसूक पहिल्या ओळीवरून फिरला. अक्षर पुसलं नाही. या वेळी शाईने लिहिलं होतं.

"वाचा ना," धुरपदाबाई म्हणाली.

तोतारामने वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाचं लिहिलेलं शेवटपर्यंत, मोठ्याने वाचलं.

"'आई, मी आखाजीला येते. आबांना घ्यायला पाठवू नकोस. मला सोबत आहे.'"

धुरपदाबाईने डोळे पुसले, हात लुगड्याला पुसले आणि घरात वळली. आत चुलीवर काहीतरी शिजत होतं. उंबऱ्यावरून तिने मागे पाहिलं.

"मी दोघीसनं ताट मांडी ठेवेल शे," ती म्हणाली. "पन सोबत येनारी कोन शे हो? तुमनी वळखनी शे का?"